नाशिक परिसरातील वचनवाचनाची परंपरा

नाशिक परिसरात बायबल रोज वाचण्याची रीत प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर आली. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिकला काम सुरू केले. पुढे १८५०च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभारली. तोवर वाचायला मराठी ग्रंथही तयार झाला होता. बंगालमधील सेरामपूरहून विल्यम कॅरी यांचा नवा करार १८११ मध्ये निघाला, मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ मध्ये आला आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले.

शरणपूरची मंडळी अँग्लिकन असल्यामुळे तिथल्या वाचनाला नेमून दिलेला क्रम होता. पारंपरिक अँग्लिकन उपासनेत सकाळी आणि संध्याकाळी एक पाठ जुन्या करारातून, एक नव्या करारातून घेतला जातो. १५० स्तोत्रे ३० दिवसांत विभागलेली असतात आणि प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे स्तवन होते. ख्रिस्ती अर्थ या मांडणीतूनच उलगडतो. उत्तम शुक्रवारी सकाळी उत्पत्तीच्या २२व्या अध्यायातील अब्राहाम आणि इसहाक यांची कथा वाचली जाते, आणि तिच्यामागोमाग योहानाच्या १८व्या अध्यायातील येशूच्या अटकेची. संध्याकाळी यशयाच्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक आणि पेत्राचे पहिले पत्र असे पाठ जोडलेले असतात. मुलाला बलिदानासाठी नेणारा बाप आणि वधस्तंभाकडे जाणारा पुत्र एकाच बैठकीत कानांवर पडले, की दोघांतला संबंध उपदेशकाने वेगळा सांगावा लागत नाही. हा संबंध एकदा ऐकून बसत नाही. तो दरवर्षी, दर महिन्याला पुन्हा वाचूनच अंगी मुरतो, आणि या रीतीचे बळ त्यातच आहे.

या शिकवणीचे फळ आफ्रिकेतही दिसले. अरब गुलामव्यापाऱ्यांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे शरणपूरच्या आश्रमात येत. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासात त्याच्या सोबत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरताना दफनविधीची प्रार्थना वेनराइटनेच वाचली. नाशिकजवळ शिकलेल्या तरुणाला परक्या रानात, पाळक हाताशी नसताना ते वाचता आले, ही मोठी गोष्ट आहे.

अमेरिकन मिशनच्या अहमदनगरकडील मंडळ्यांत असे ठरलेले पाठ नव्हते. तिथे ग्रंथ वाचकाच्या हाती सोपवला गेला. असेच स्वतःचे वाचन कवी नारायण वामन टिळकांच्या वाट्याला आले. त्यांना १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. मत्तयाच्या ५व्या अध्यायापाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी, ते थांबले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो पुढे १९०० मध्ये घेतला. टिळकांनी कीर्तन, अभंग आणि ओवी यांत ख्रिस्तकथा आणली. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पोथी वाचावी आणि पारायण करावे या वळणावर वाढलेल्या कानांना ख्रिस्तकथा आता परकी राहिली नाही.

भाषेची अडचण मात्र राहिलीच होती. मिशनची मराठी सामान्य बायांना जड जाई. म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेला संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्यांनी वाचायचे त्या मुक्तीतल्या बायांनीच त्याचे खिळे जुळवले होते, आणि मराठी बायबलच्या इतिहासात याला तोड नाही.

नाशिकच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेवरच्या पेठ तालुक्यात हीच अडचण अजून आहे. इथल्या कोकणा, वारली आणि महादेव कोळी वस्त्यांत अनेक घरांची बोली ग्रंथाच्या मराठीहून वेगळी आहे. अशा घरात वचन वाचणाऱ्याने अध्याय संपवून भागत नाही. तोच प्रसंग घरच्या बोलीत पुन्हा सांगावा लागतो, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. पेरणारा, हरवलेले मेंढरू, खडकाळ जमीन असे शुभवर्तमानातले दाखले शेती आणि गुरांवर जगणाऱ्या या डोंगराळ भागात चटकन पोहोचतात. पत्रांतला विचार, पौलाचे नियमशास्त्राबद्दलचे आणि कृपेबद्दलचे विवेचन, यांना मात्र सांगणाऱ्याची तयारी लागते.