मालावरची ग्वाही: एक कुळकथा

लंडनच्या पेकहॅम भागात, राय लेनवर, बी. हेंडरसन यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. १८२० च्या दशकात तिथे साखर ठेवायची खास भांडी विकायला असत. त्यांच्या पोटावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे : 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली.' तशीच भांडी काचेचीही निघाली, निळ्या काचेवर सोनेरी अक्षरांची. चहाला आलेल्या पाहुण्यानं साखरेकडे हात नेला की ती ओळ त्याच्या नजरेला पडायचीच. माल कसा बनला याची ग्वाही मालासोबतच द्यायची, ही रीत आज कॉफीच्या पुड्यावर, चहाच्या खोक्यावर, गालिच्याच्या पाठीवर दिसते. तिचं कूळ शोधत मागे गेलं की हे भांडं हमखास भेटतं.

हेंडरसनच्या जाहिरातपत्रकात एक हिशेबही होता. आठवड्याला ५ पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबानं वेस्ट इंडिजच्या साखरेऐवजी ईस्ट इंडियाची साखर २१ महिने वापरली, तर एक माणूस गुलामीतून किंवा मृत्यूतून वाचतो. हा हिशेब मुळात दुकानदाराचा नव्हे. तो विल्यम फॉक्सचा, आणि तीसेक वर्षं जुना. १७९१ च्या एप्रिलमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा खासदार विल्बरफोर्सचा ठराव ब्रिटिश संसदेनं ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला. त्याच वर्षी फॉक्सची एक पुस्तिका निघाली. मार्था गर्नी या पुस्तकविक्रेतीनं ती छापली, विकली, आणि तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. फॉक्सचं म्हणणं रोखठोक होतं. वेस्ट इंडिजमधला मळेवाला, गुलामांचं जहाज हाकणारा, मुकादम ही सगळी मंडळी साखर विकत घेणाऱ्याच्या पैशावर उभी आहेत. म्हणून पहिला जाब विकत घेणाऱ्याला द्यावा लागेल. संसदेनं दार लावलं तरी घराघरातलं स्वयंपाकघर उघडं होतं. मताचा हक्क नसलेल्या बायकांच्या हातात घरचा किराणा होता. चळवळीतल्या थॉमस क्लार्कसननं गावोगाव फिरून अंदाज बांधला, तो असा की ३ लाख लोकांनी साखर सोडली आहे. सफोकमधल्या हेवरिल गावच्या जेम्स राइट या क्वेकर व्यापाऱ्यानं १७९२ मध्ये वर्तमानपत्रात जाहीर केलं, की कमी कलंकित वाटेनं येणारी साखर मिळेपर्यंत मी साखर विकणार नाही. पोटापाण्याचा धंदा करणाऱ्या माणसानं नफ्याची वस्तू स्वतःहून दुकानातून काढावी आणि त्याचं कारण छापून सांगावं, हे मला त्या सगळ्या चळवळीतलं सर्वांत धीराचं पाऊल वाटतं.

फ्रान्समधल्या क्रांतीची धास्ती पसरली तसा हा बहिष्कार ओसरला. १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली, पण मळ्यांवरची गुलामी तशीच राहिली. ती विझत चाललेली धग पुन्हा पेटवली लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी. चळवळीतले पुढारी पुरुष गुलामी हळूहळू संपवण्याची भाषा करत होते, तेव्हा १८२४ मध्ये हेरिकबाईंनी ती ताबडतोब संपवावी असं पत्रक काढलं. सुझॅना वॉट्स या मैत्रिणीला घेऊन त्या लेस्टरमध्ये घरोघर गेल्या आणि वेस्ट इंडिजची साखर घेऊ नका म्हणून सांगत राहिल्या. हेंडरसनची भांडी याच लाटेतली.

भांड्यावरची ओळ मात्र आपल्या देशाबद्दल बोलत होती, आणि आपल्या देशात कुणी पाहायला आलं नव्हतं. बंगालची साखर कुणी, कोणत्या हालात पिकवली आणि रांधली, हे पेकहॅमच्या दुकानदाराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ईस्ट इंडियाच्या साखरेची तळमळीनं तरफदारी करणारा लिव्हरपूलचा जेम्स क्रॉपर स्वतःच त्या साखरेचा मोठा आयातदार होता, आणि विरोधक त्याला हे ऐकवल्याशिवाय राहत नसत. गुलामी भारतातही होती. १८३३ चा गुलामीबंदीचा कायदा कंपनी सरकारच्या मुलुखाला लागू केलाच नाही. इथे गुलामीचं कायदेशीर बळ काढून घ्यायला १८४३ साल उजाडलं. फॉक्स, हेरिक, राइट यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ग्वाही होती ती एका प्रश्नापुरती, आणि साक्षीला कुणी नव्हतं.

पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत करारबद्ध भारतीय मजूर उतरू लागले. कलकत्त्याहून गेले, मद्रासहून गेले आणि मुंबईहूनही गेले. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे त्याचे पूर्वज हेच, त्यातले पुष्कळसे कोकणातले. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर कायद्याच्या भाषेत 'मुक्त श्रमाची' होती. तिच्यावर ती जुनी ओळ लिहिली असती तर अक्षरशः खोटी ठरली नसती. आणि वर्षानुवर्षांच्या कराराला बांधलेल्या माणसाबद्दल तिनं काहीच सांगितलं नसतं.

आपल्याकडच्या साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, हंगामाचं वर्ष असतं, दाण्याची प्रत असते. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणून गाळप हंगामात बीडहून निघतात, त्यांचा त्यात कुठे उल्लेख नसतो. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढून टाकल्याची प्रकरणं चव्हाट्यावर आली आणि राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कामाचा खाडा झाला की दंड, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, ही त्यामागची परिस्थिती त्या वेळी वर्तमानपत्रांतून महाराष्ट्रानं वाचली. ती वाचून झाल्यावरही आपण साखर त्याच दुकानातून, त्याच भावानं घेत राहिलो, कारण वेगळी कुठली घ्यायची हे सांगणारी खूणच नव्हती. अशी खूण मागण्याचा हक्क आपण अजून बजावलेला नाही, हे मला सलतं.

या कुळात एक काळी शाखाही आहे, ती झाकून ठेवू नये. १८७० च्या दशकाच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्कोत सिगारच्या खोक्यांवर पांढरी चिठ्ठी लागू लागली. आतल्या सिगार गोऱ्या कामगारांनी वळल्या आहेत, एवढंच ती सांगायची. चिनी कामगारांना धंद्यातून हुसकावणं हा तिचा उद्देश होता. १८८० मध्ये सिगार कामगारांच्या देशव्यापी संघटनेनं निळी चिठ्ठी स्वीकारली आणि अमेरिकेत कामगार संघटनांच्या शिक्क्यांची प्रथा पसरली. बिरादरीसाठी कुंपण घालण्याची सवय या शाखेला जन्मापासून आहे.

साक्षीची उणीव पहिल्यांदा नीट भरून काढली ती फ्लॉरेन्स केली यांनी. १८९३ ते १८९७ त्या इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक होत्या. शिकागोच्या चाळीवजा खोल्यांत कपडे शिवले जात, आणि १८९४ च्या देवीच्या साथीत ज्या खोलीत रोगी झोपलेला तिथेच शिवणकाम चाललेलं त्यांना आढळलं. १८९९ मध्ये त्या नॅशनल कन्झ्युमर्स लीगच्या प्रमुख झाल्या आणि लीगनं बायकांच्या मलमलीच्या अंतर्वस्त्रांसाठी पांढरा शिक्का काढला. अटी चार : राज्याचा कारखाना कायदा पाळलेला असावा, सगळा माल कारखान्याच्याच आवारात बनावा, जादा वेळ काम नसावं, सोळा वर्षांखालचं मूल कामावर नसावं. दुसरी अट सर्वांत मोलाची होती. काम घरोघर वाटलं की निरीक्षकाला दारच सापडत नाही, हे केलीबाईंना अनुभवानं माहीत होतं. शिक्का देण्याआधी लीगची माणसं कारखान्यात जाऊन बघत. भांड्यावरची ओळ आणि हा शिक्का यांच्यात एवढा फरक पडायला पाऊण शतक लागलं. १९१८ मध्ये लीगनं शिक्का थांबवला. तोपर्यंत तिनं आपली ताकद कामाच्या तासांच्या आणि बालमजुरीच्या कायद्यांकडे वळवली होती.

त्यानंतर साखर पुन्हा एकदा वळणावर भेटते. १९६८ मध्ये नवी दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली. गरीब देशांची मागणी होती : मदत नको, व्यापारात वाटा द्या. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये तरुणांच्या गटांनी उसाची साखर विकायला सुरुवात केली, कारण युरोपनं आपल्या बीटच्या साखरेभोवती जकातीची भिंत उभी केली होती. पुढच्याच वर्षी ब्रूकेलन गावात त्यांचं पहिलं 'जगाचं दुकान' उघडलं. पण तिथे जाणारे मूठभरच, आणि ते आधीच पटलेले.

मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात फ्रान्स फान डर होफ हे डच धर्मगुरू कॉफी पिकवणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांबरोबर राहत होते. दलालांना तिथले लोक कोयोटे म्हणतात. भाव कोयोटे ठरवणार, आगाऊ पैसे कोयोटे देणार, आणि पीक हाती आलं की त्याच पैशांच्या ओझ्याखाली ते मातीमोल भावानं उचलून नेणार. या शेतकऱ्यांनी १९८३ मध्ये उसिरी ही आपली सहकारी संस्था उभी केली. तिला देणगी नको होती, नेहमीच्या बाजारात कॉफी योग्य भावानं खपायला हवी होती. फान डर होफ आणि सॉलिडारिदाद संस्थेचे निको रोझेन यांनी त्यासाठी शिक्का काढला आणि १५ नोव्हेंबर १९८८ ला त्या शिक्क्याच्या कॉफीचं पहिलं पाकीट डच राजपुत्र क्लाउस यांच्या हाती दिलं. नाव ठेवलं मॅक्स हॅवेलार. १८६० मध्ये मुल्टाटुली या टोपणनावानं लिहिलेल्या कादंबरीचा हा नायक, जावामध्ये कॉफी पिकवून घेताना डच राजवट करत असलेल्या जुलमाविरुद्ध उभा राहिलेला अधिकारी. डच माणसाला ते नाव शाळेपासून ठाऊक असतं.

या शिक्क्यात आधीच्या सगळ्यांपेक्षा एक वेगळी गोष्ट होती. काय केलेलं नाही हे सांगण्याऐवजी काय द्यायचं ते त्यानं ठरवलं. भाव एका मर्यादेखाली जाणार नाही, खरेदी थेट सहकारी संस्थेकडून होईल, हंगामाआधी पैसे हवे असतील तर दलालाकडे न जाता मिळतील. पुढच्याच वर्षी, १९८९ च्या जुलैत, कॉफीचा आंतरराष्ट्रीय कोटा-करार कोसळला आणि जगभरात कॉफीचे भाव गडगडले. किमान भावाचं मोल शेतकऱ्याला भाषणाशिवाय कळलं. १९९७ मध्ये निरनिराळ्या देशांतले असे शिक्के 'फेअरट्रेड' या एका छत्राखाली आले.

भारतात हाच धागा गालिच्यांनी पुढे नेला. मिर्झापूर-भदोहीच्या पट्ट्यात मागांवर लहान मुलं बसवली जात. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकारानं १९९४ मध्ये रगमार्क सुरू झाला. प्रत्येक गालिच्याच्या पाठीवर वेगळा क्रमांक, तो क्रमांक थेट मागापर्यंत पोहोचवणारा, आणि पूर्वसूचना न देता येणारे तपासनीस. माग हे घराच्या ओसरीत, गावागावात विखुरलेले. केलीबाईंनी जिथे दार सापडत नाही म्हणून अट घातली होती, तिथे रगमार्कनं ते दार क्रमांकानं शोधलं. मागावरून उठवलेल्या मुलांच्या शाळेचा खर्चही याच व्यवस्थेनं उचलला. २००९ पासून तिचं नाव गुडवीव्ह आहे.

ग्वाही देणं हाच जेव्हा धंदा होतो तेव्हा काय घडतं, ते कराचीत दिसलं. ११ सप्टेंबर २०१२ ला अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, दारं बंद होती. अडीचशेहून अधिक कामगार मेले. काही आठवड्यांपूर्वीच या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या हक्कांचं आणि सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं. गजांआडचे कामगार हे गज रोज पाहत होते. त्यांना विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं.

म्हणूनच मला तमिळनाडूतला दिंडिगुलचा करार या घराण्यातलं सर्वांत आश्वासक पाऊल वाटतं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या कपड्यांच्या कारखान्यातल्या एका तरुण दलित कामगार स्त्रीचा तिच्या सुपरवायझरनं खून केला. तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियन ही दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालची संघटना त्यानंतर मागे हटली नाही, आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याचे मालक आणि तिथला माल घेणारी कंपनी एच अँड एम यांनी करारांवर सह्या केल्या. बाहेरून येणाऱ्या तपासनिसाची वाट इथे बघायची नाही. कामगार बायकांमधल्याच काही जणींना प्रशिक्षण देऊन देखरेखीचं काम सोपवायचं. शिवीगाळ, लगट, छळ दिसला की त्यांनी नोंदवायचं, तक्रार करणारीला नोकरीवरून काढता येणार नाही. आणि कारखान्यानं ऐकलं नाही तर माल घेणाऱ्या कंपनीला ऑर्डरवर परिणाम करावाच लागेल, ते तिच्या मर्जीवर नाही, कायद्यानं बांधलेलं आहे. या करारासाठी कोणताही शिक्का काढलेला नाही, आणि दुकानात कपडा निवडणाऱ्याला त्यावरून यातलं काहीच कळत नाही.