फेऱ्यांची मोजणी आणि अदृश्य झीज : कॉर्नवॉलमधील खाणपंपांच्या इतिहासातील एक प्रश्न

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉल परगण्यात ऑगस्ट 1811 पासून एक मासिक पत्रक निघू लागले. तांबे व कथील ह्यांच्या खाणींतून पाणी उपसणाऱ्या वाफेच्या एंजिनांनी महिन्याभरात किती काम केले व त्यासाठी किती कोळसा जाळला, ह्याचे कोष्टक त्यात असे. पत्रकाचा कर्ता जोएल लीन हा स्वतः खाणीचा कप्तान होता. तो 1812 मध्ये मरण पावला. परंतु त्याच्या मुलांनी हे काम पुढे चालविले आणि ‘लीन्स एंजिन रिपोर्टर’ ह्या नावाने ओळखले जाणारे हे पत्रक 1904 पर्यंत टिकले. एंजिनाच्या सुधारणेचा असा अखंड आणि उघड लेखाजोखा यंत्रविद्येच्या इतिहासात विरळाच. अर्थेतिहासाच्या अभ्यासकांनी अलीकडे त्याची पुष्कळ प्रशंसा केली आहे, आणि ती यथार्थही आहे. तथापि त्या कोष्टकांत एंजिनाच्या दुसऱ्या टोकास काय चालले होते, म्हणजे शेकडो फूट खोल असलेल्या पंपाची अवस्था कशी होती, हे कितपत दिसते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

कोष्टकातील मुख्य आकड्यास ‘ड्यूटी’ म्हणत. मराठीत हा शब्द नोकरीवरच्या हजेरीच्या अर्थाने रुळला आहे. कॉर्नवॉलमध्ये मात्र तो यंत्राच्या कर्तव्याचे माप होता. एक बुशेल, म्हणजे 94 पौंड, कोळशात किती दशलक्ष पौंड पाणी एक फूट उंच उचलले गेले, तो आकडा म्हणजे ड्यूटी. हे पाणी प्रत्यक्ष मोजण्याची रीत नव्हती. पंपाचा व्यास, दट्ट्याच्या फेऱ्याची लांबी, पाण्याची उचल आणि महिन्याभरातील फेऱ्यांची संख्या ह्यांचा गुणाकार करून ते काढले जाई. प्रत्येक फेऱ्यात नळकांडे पूर्ण भरते आणि भरलेले सर्व पाणी वर जाते, असे त्यात गृहीत होते.

ह्या गृहीताचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखादी खाण कोरडी ठेवण्यास मिनिटास 5 फेरे पुरत असत. पुढे झडपेचे चामडे झिजले आणि प्रत्येक फेऱ्यातील षष्ठांश पाणी मागे परतू लागले. आता तेवढ्याच पाण्यास 6 फेरे लागतील आणि कोळसा सुमारे एक पंचमांशाने वाढेल. परंतु हिशेबात कामही त्याच प्रमाणात वाढलेले दिसेल, कारण फेरे वाढले आहेत. मालकाचा खर्च वाढला, पंप निकामी होण्याच्या मार्गास लागला, आणि ड्यूटीचा आकडा मात्र जसाच्या तसा राहिला! खाणीच्या दृष्टीने जो तोटा होता, तो पत्रकाच्या दृष्टीने कामगिरीत जमा होत होता.

ही पद्धत अज्ञानातून आली, असे म्हणता येत नाही. तिचे मूळ बोल्टन आणि वॉट ह्यांच्या व्यवहारात आहे. वॉटच्या 1769 च्या पेटंटची मुदत 1775 च्या कायद्याने 1800 पर्यंत वाढविण्यात आली, आणि जुन्या एंजिनाच्या मानाने कोळशाची जी बचत होईल तिचा तृतीयांश ते खाणमालकांकडून मागत. त्यासाठी एंजिनाच्या तुळईवर कुलूपबंद गणकयंत्र बसविले जाई. तुळई हलली की एक फेरा नोंदला जाई. ह्या पेटीशी लबाडी करणे कठीण, म्हणून परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन्ही पक्षांना ती मान्य होण्याजोगी होती. खोल विहिरीत टप्प्याटप्प्याने चढणारे पाणी मोजणे अवघड. हलणारी तुळई मोजणे सोपे. जे मोजण्यास सोपे, तेच माप ठरले. तत्त्वतः पाहता, गळक्या पंपाचे जादा फेरे पेटंटधारकाची मागणी वाढवीत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग झीज कोणाच्याच ध्यानात येत नव्हती काय? येत होती, परंतु ती ओळखणारे लोक आणि खुणा वेगळ्या होत्या. जुन्या प्रकारच्या पंपात पोकळ दट्ट्या नळकांड्याच्या आत वरखाली होई व त्याच्या कडेचे चामडे नळकांड्यास घासे. वाळूमिश्रित, तांब्याच्या खाणीत तर आम्लधर्मी असलेले पाणी ते चामडे खाऊन टाकी. आणि हे सर्व लोखंडी नळाच्या आत, पाण्याखाली घडे. सतराव्या शतकात सॅम्युएल मोरलंडने ज्याचे पेटंट घेतले होते, त्या प्लंजर पंपाची रचना निराळी आहे. त्यात भरीव दांडा वाखाच्या भरावातून आत शिरतो. तो नळकांड्याच्या भिंतीस घासत नाही. भराव झिजला की पाण्याची चिळकांडी बाहेर उडते, आणि वरचे बूच आवळून ती थांबविता येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्नवॉलमध्ये ह्या पंपाचा प्रसार झाला. त्याची कारणे सांगताना टिकाऊपणावर भर दिला जातो. परंतु झिजणारा भाग डोळ्यांसमोर आला, हे कारण कमी महत्त्वाचे नव्हते. (झडपा अर्थातच आतच राहिल्या, त्यांच्यासाठी नळास दारे ठेवावी लागत.) आणि तरीही तळाचा शेवटचा पंप बहुधा जुन्याच प्रकारचा ठेवीत. पाणी वाढून तो बुडाला, तर त्याचा दट्ट्या व झडप वरच्या रुंद नळातून ओढून काढता येत; बुडालेल्या प्लंजरजवळ पोहोचणेच अशक्य होई. ही निवड ज्यांनी केली, त्यांना झीज कोठे होते एवढेच नव्हे, तर संकटाच्या वेळी तेथवर हात कसा पोहोचेल, हेही ठाऊक होते.

दुसरी खूण एंजिन चालविणाऱ्यापाशी होती. कॉर्निश एंजिनात वाफ फक्त पंपाची जड लाकडी काठी वर उचलते. ती स्वतःच्या वजनाने खाली येताना प्लंजरमधून पाणी वर रेटते. खालची झडप गळू लागली की पाण्याचा विरोध कमी होतो आणि काठी नेहमीपेक्षा लवकर खाली येते. रोज तीच हालचाल पाहणाऱ्याला हा फरक जाणवल्यावाचून राहत नसे.

पत्रकातही मिनिटास किती फेरे झाले, ह्याचा एक रकाना होता. लागोपाठच्या महिन्यांचे हे आकडे ताडून पाहिल्यास झिजेचा सुगावा लागू शकतो. मात्र ते संदिग्ध आहेत. पावसाळी महिन्यांत खाणीत पाणी अधिक झिरपते आणि फेरे आपोआप वाढतात. वाढ पावसाची की चामड्याची, हे आकडा सांगत नाही. म्हणूनच 1835 मध्ये फोवी कॉन्सोल्स खाणीवरील ऑस्टेन एंजिनाने चोवीस तासांच्या चाचणीत 125 दशलक्षांची ड्यूटी दिली, ह्या प्रसिद्ध नोंदीकडे सावधपणे पाहावे लागते. तो एंजिनाचा गौरव आहे. खाणीतून बाहेर पडलेल्या पाण्याची ती पावती नव्हे.

विसाव्या शतकात झिजेचाच स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. आर्चर्डने 1953 मध्ये भार, घसरण्याचे अंतर आणि पदार्थाचा कठीणपणा ह्यांच्याशी झिजेचे नाते मांडले. जोस्ट समितीच्या 1966 च्या अहवालाने ब्रिटनमध्ये ‘ट्रायबॉलॉजी’ ही संज्ञा रूढ केली. तिचे मूळ ‘घासणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. उलट मराठी ‘झिजणे’ हे संस्कृत ‘क्षीयते’ ह्या रूपापासून प्राकृत ‘झिज्जइ’मार्गे आलेले. एका शब्दात घासण्याची क्रिया आहे, दुसऱ्यात वस्तूचे कमी होणे आहे. कॉर्नवॉलच्या कोष्टकात ह्यांपैकी एकाही गोष्टीस रकाना नव्हता.

वंगणतेलातील धातूचे कण तपासून एंजिनाची झीज ओळखण्याची रीत अमेरिकेतील रेल्वेंनी 1940 नंतरच्या दशकात वापरात आणली. पाण्याच्या पंपास ती पुरत नाही, कारण तेलाने माखलेल्या बेअरिंगांचे कण सापडले, तरी पाण्यात घासणाऱ्या भागांचे कण पाण्याबरोबरच निघून जातात. तेथे कंपने मोजावी लागतात, किंवा आत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातील अंतर पाहावे लागते. 100 मीटर उचल असलेल्या पंपाची कार्यक्षमता 80 टक्के असेल, तर वाया गेलेल्या शक्तीने पाणी सुमारे 0.06 अंश सेल्सिअस तापते. आतल्या फटी झिजून रुंदावल्या की हा आकडा वाढू लागतो. पंप उघडावा लागत नाही, आणि फेरेही मोजावे लागत नाहीत.