दवणा: एक शब्द, दोन राज्ये

चैत्रात वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला दवणा वाहतात. करड्या, बारीक पानांचे हे रोप पाश्चात्त्यांच्या कडू वर्मवूडचे सगोत्र होय. हिवाळ्याच्या तोंडी त्याचे बी पेरतात. फुलोरा आला की कापतात. वाळलेल्या काडीलाही वास राहतो, म्हणून तो देवाच्या माळेत येतो, तसाच वेणीतही.

त्याचे मूळ संस्कृत नाव दमनक. दोन स्वरांमधील 'म'चा 'व' झाला आणि दवणा सिद्ध झाला. ग्रामाचे गाव, नामाचे नाव झाले, तसाच. हिंदीत तोच दौना, कन्नडात दवन. शब्दाने राज्यांच्या सीमा पाळल्या नाहीत.

आम्हां बुऱ्हाणपूरच्या मराठी भाषकांना मात्र त्या पाळाव्या लागल्या. १९५६ पूर्वी आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने घातलेला अनुच्छेद ३५०-क सांगतो की, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्याचा राज्याने प्रयत्न करावा.

हा हक्क मागितल्यावाचून पदरी पडत नाही. सीमेपलीकडील बंधुभगिनींनो, शाळेसाठी अर्ज लेखी करा, पोच घ्या. आणि तोवर घरातील लेकरांच्या हाती दवण्याची काडी देऊन तिचे नाव मराठीत सांगा.