तळटीप : शेकरू
लेखकाने शेकरू घटण्याचा दोष केवळ शिकारीला दिला आहे. हे कारण अपुरं वाटतं. शिकारीला कायद्याने बंदी आहे, कोयना-चांदोलीचं रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण रान तुटण्याचा धोका उरतोच. खारीच्या कुळातला हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचं गोल घरटं बांधतो आणि झाडावरून झाडावर सहा मीटरपर्यंत झेप घेतो. त्याहून रुंद रस्ता काढला की त्याच्यापुरती रानाची दोन शकलं होतात. नवी झाडं लावून भरपाई होते, असं कुणी म्हणेल. पण रोपांचे शेंडे एकमेकांना भिडेपर्यंत शेकराच्या कित्येक पिढ्या सरतात. शिवाय चांदोलीत उठलेल्या गावांच्या शेतांवर गवत वाढलं, ते गव्याला मानवतं. शेकराला तिथे थारा नाही.