पांढरे म्हणजे किती पांढरे?

१७८९ साली, म्हणजे ज्या वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला त्याच वर्षी, गास्पार मोंज नावाच्या गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक चमत्कारिक गोष्ट मांडली. समोरच्या भिंतीवर लाल कागद टांगावा आणि तो लाल काचेतून पाहावा. कागद अधिकच लालभडक दिसेल अशी कुणाचीही समजूत. पण तो दिसतो चक्क पांढुरका! मोंजने त्यावरून ताडले की, डोळा रंग पाहताना भोवतीच्या उजेडाचा हिशेब आधी मांडतो आणि मगच वस्तूला रंग बहाल करतो.

ही डोळ्याची चलाखी आपण रोजच अनुभवतो, फक्त ध्यानात येत नाही. दुपारी उन्हात वाळत घातलेले धोतर पांढरे, आणि रात्री कंदिलापाशी बसून त्याची घडी घालतानाही ते पांढरेच. वास्तविक कंदिलाचा उजेड चांगला पिवळा-तांबूस असतो. १९०२ साली योहानेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने त्याची उपपत्ती सुचविली, ती अशी : डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन यंत्रणा आहेत, उजेडात तांबडे फार झाले की तांबडे टिपणारी यंत्रणा आपली संवेदना आपोआप कमी करते. घरातला एखादा वडीलधारा मोठ्याने बोलणाऱ्याला गप्प करतो आणि हळू बोलणाऱ्याला पुढे करतो, तसेच म्हणा ना.

कॅमेऱ्याच्या घरात असा वडीलधारा कुणी नव्हता. त्याला जे मिळे ते तो मुकाट्याने टिपी, आणि तेही धड नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, त्या काळच्या सर्वसाधारण फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कुंकू काय आणि रंगविलेले ओठ काय, सारे काळे उमटायचे. सर्व रंग जाणणारी फिल्म चित्रपटसृष्टीत रुळायला १९२० नंतरची वर्षे उजाडावी लागली. आणि रंगीत फिल्म आली तेव्हा तर खरा गोंधळ सुरू झाला. प्रभातने १९३३ साली 'सैरंध्री' रंगात काढण्याचे धाडस केले, प्रती जर्मनीत छापून घेतल्या. पण रंग मनासारखे उतरले नाहीत. कृष्णधवल चित्रात उजेड पिवळा की निळा याची फारशी फिकीर नव्हती. आता ती पावलोपावली करावी लागणार होती.

उजेडाचा रंग मोजायचा कसा? येथे आपल्या लोहाराकडे पाहावे. भट्टीतले लोखंड आधी तांबडे होते, मग नारिंगी, मग पिवळे, आणि फारच तापले तर पांढरे. तेव्हा रंग सांगायचा तो तपमानात, आणि तेही केल्व्हिनच्या मापाने. मेणबत्ती सुमारे १,९०० अंश, घरातला तारेचा दिवा २,८०० च्या आसपास, स्टुडिओतला दिवा ३,२००, दुपारचे ऊन सुमारे ५,५००. आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीत आकडा आठ-दहा हजारांपर्यंतही चढतो. गंमत अशी की, ज्या मेणबत्तीच्या प्रकाशाला आपण 'उबदार' म्हणतो ती या मापात सर्वांत थंड!

फिल्म बनविणाऱ्यांनी यावर साधा तोडगा काढला : उन्हाची फिल्म वेगळी, दिव्याची वेगळी. अदलाबदल झाली की फजिती. उन्हाची फिल्म दिव्याखाली वापरली तर सगळ्यांच्या अंगाला हळद लागल्यासारखी, आणि दिव्याची फिल्म उन्हात नेली तर माणसे थंडीने गारठल्यासारखी निळी. मग भिंगावर पिवळसर काच चढवा, नाहीतर खिडक्यांना तसलाच पारदर्शक कागद लावा. फिल्म धुऊन छापणाऱ्या ठिकाणी रंग जुळवायला कोडॅक कंपनी एका बाईच्या चित्राचे नमुनापत्र देई. 'शर्ली' या नावाने ते ओळखले जाई. ही शर्ली गोरीपान. तिचा रंग बरोबर आला म्हणजे जगाचा रंग बरोबर आला असे धरले जाई. सावळ्या चेहऱ्यांचे त्यात काय होत असेल, हे तेव्हा फारसे कुणी विचारले नाही. मला वाटते, या साऱ्या इतिहासात बोचणारी गोष्ट कोणती असेल तर हीच.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते कृष्णधवल. आपल्याकडे रंग आला १९८२ साली. रंगीत व्हिडिओ कॅमेऱ्यात उजेडाचे तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन भाग होतात. कॅमेऱ्यापुढे पांढरा कागद धरायचा आणि कळ दाबायची. तांबडा व निळा संकेत कमी-जास्त होऊन हिरव्याच्या बरोबरीला येतात. म्हणजे फॉन क्रीसने डोळ्याविषयी जे सांगितले, तेच आता विजेच्या मंडलात बसविले गेले. एक पथ्य मात्र कडक : ज्या उजेडात माणूस उभा आहे, त्याच उजेडात कागद धरला पाहिजे. उजेड बदलला की कळ पुन्हा दाबायची.

लग्नाच्या कॅसेटी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. कार्यालयात एका बाजूला ट्यूबलाइटची हिरवट छटा, दुसरीकडे चित्रण करणाऱ्याचा पिवळा दिवा, आणि दारातून आत येणारे निळसर ऊन. यांतल्या एकालाच पांढरे म्हणता येते. बाकीचे रंगीतच राहणार. वरात बाहेर पडली आणि कळ दाबायची राहिली की वऱ्हाड निळे झालेच. कॅमेऱ्याला आपणहून अंदाज करायला सांगावे, तर चौकटभर लाल शालू दिसताच तो बिचारा त्यालाच उजेडाची लाली समजतो आणि नवरीचा शालू फिका करून टाकतो. सासर सोडा, माहेरचेही तो ओळखत नाहीत!

आता दिवाळीत पुष्कळ घरी खिशातल्या फोनवरच चित्रण होईल. पणत्यांच्या ओळीपुढे पांढरा कागद धरून शास्त्रशुद्ध जुळणी केलीत, तर तो पिवळा उजेड नाहीसा होऊन अंगण दुपारच्यासारखे पांढरट दिसेल. तिथे कॅमेरा खुशाल उन्हाच्या मापावर, ५,५०० वर, ठेवावा. पणत्या सोनेरीच राहतील.