टंकलेखनाची विद्या व तिचा अभ्यास

शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील दोन्ही तालुके मुख्यतः भातशेतीचे. सगळ्या घराचा निर्वाह शेतावर होईलच असें नसल्यामुळें येथील पुष्कळ तरुणांस नोकरीची वाट धरावी लागते. सरकारी कचेरींत लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठीं दर मिनिटास मराठी ३० अथवा इंग्रजी ४० शब्द या गतीचें प्रमाणपत्र मागतात. यास्तव टंकलेखन ही नुसती हौस नव्हे. ती पोटाची विद्या होय. तिचा इतिहास येथें संक्षेपानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील रेमिंग्टन कंपनीचें यंत्र १८७४ सालीं बाजारांत आलें. आरंभीं बहुतेक लोक कळांकडे पाहून थोड्याच बोटांनीं लिहीत. २५ जुलै १८८८ रोजीं सिन्सिनाटी शहरीं फ्रँक मॅगरिन व लुई ट्रॉब यांची जाहीर शर्यत झाली. मॅगरिन यास कळांच्या जागा पाठ होत्या, म्हणून त्याची नजर कागदावरून हलत नसे. तो जिंकला, आणि न पाहतां टंकन करण्याच्या पद्धतीस मान मिळाला.

भारतांत गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं पहिलें देशी यंत्र तयार केलें. देवनागरीची अडचण मात्र निराळी. अक्षरें पुष्कळ व कळा थोड्या, म्हणून कित्येक अक्षरें अर्धें रूप व काना जोडून पुरीं करावीं लागत. ‘कि’ लिहितांना डोळ्यांस दिसतें त्या क्रमानें आधीं पहिली वेलांटी, मग ‘क’. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेनें जुन्या यंत्रांवरील परीक्षा २०१७ सालीं थांबविली व संगणक आला. संगणकावरील ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणींत स्वर डाव्या हातीं व व्यंजनें उजव्या हातीं असून ‘क’ आधीं, वेलांटी मागाहून, असा उच्चाराचा क्रम आहे. जुनी मांडणीहि संगणकावर मिळते; परंतु ज्यास नवी धरावयाची त्यास बोटांचें वळण पुनः लावावें लागतें.

यंत्र बदललें तरी अभ्यासाचा नियम बदलला नाहीं. मधल्या ओळींत दोन्ही तर्जनींच्या कळांवर उंचवट्याची खूण असते. तिच्या आधारें हात न पाहतां जागेवर ठेवावे. प्रत्येक बोटानें आपल्याच कळा दाबाव्या. इंग्रजींत पांच ठोक्यांचा एक शब्द मोजतात, म्हणजे ४० शब्दांस मिनिटांत २०० ठोके झाले. परंतु गतीच्या मागें लागून चुका करणारा चुकांचाच सराव करितो. प्रथम संथपणें निर्दोष लिहावें. गति त्यामागून येते.

अभ्यास किती वेळ करावा? बॅडली व लाँगमन या ब्रिटिश संशोधकांनीं टपालखात्यांतील कामगारांस टंकन शिकवून १९७८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज एकच तास शिकणारांस दिवस अधिक लागले, परंतु रोज चार तास शिकणारांपेक्षां एकंदर तास कमी लागले.

ही गोष्ट आमच्या खेड्यांतील तरुणांस धीर देणारी आहे. ज्याच्या घरीं यंत्र नाहीं, ज्यास वर्गासाठीं दूर जावें लागतें, त्यानें दिवसभर यंत्रापुढें बसतां येत नाहीं म्हणून खचूं नये. एक तास पुरतो. मात्र तो रोजचा असावा आणि त्या तासांत नजर कळांवर जाऊं नये.