कासवाची चूक
सुट्टीतल्या कोडिंग शिबिरांपैकी मुलासाठी कोणते निवडावे, असे कोणी विचारले की आम्हाला लोगोचे कासव आठवते. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन व सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञांनुसार जमिनीवर फिरणारे यांत्रिक कासव आले. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असे चार वेळा सांगितले की चौरस तयार! समभुज त्रिकोणासाठी मूल साहजिकच ६० अंश सांगते. निघतो मात्र अर्धा षट्कोन. मग स्वतः कासवासारखे चालून पाहिले की उमगते : वळायचे ते बाह्यकोनातून, १२० अंशांतून. जिनिव्हात पियाजेंबरोबर काम केलेल्या पॅपर्टना अशा चुकाच मोलाच्या वाटत. तेव्हा प्रमाणपत्र बाजूला ठेवून एवढेच विचारावे : मुलाला स्वतःची चूक शोधायला तिथे सवड मिळते का?